फेज अँगल मोजण्याची रीत: बटण दाबण्याआधी काय करावे

शरीरातून हलका विद्युतप्रवाह सोडून पेशींची स्थिती जोखणाऱ्या बायोइम्पिडन्स मापनात फेज अँगल नावाचा एक कोन मिळतो. एकाच व्यक्तीचा हा कोन सकाळी ५.७ अंश आणि दुपारी ५.१ अंश आला, की बहुतेक जण यंत्राला दोष देतात. काही जण तर रुग्णाची प्रकृती ढासळली असे समजून फाइलीत तशी नोंदही करून टाकतात. प्रत्यक्षात या दोन आकड्यांच्या मधल्या वेळेत रुग्णाच्या पेशींना काहीही झालेले नसते. मनगटावरची पट्टी (इलेक्ट्रोड) बोटभर सरकलेली असते, किंवा घामेजल्या पायावर ती नीट बसलेली नसते. बायोइम्पिडन्स मापन शिकायला आलेल्यांच्या हातून ज्या चुका पुन्हा पुन्हा होताना मी पाहिल्या आहेत, त्या सगळ्या मापनाआधीच्या तयारीतल्या आहेत. म्हणून हा लेख त्या तयारीच्या क्रमाने लिहिला आहे.

क्रमाला लागण्यापूर्वी आपण नेमके काय मोजतो हे स्पष्ट असावे. हात आणि पाय यांच्यामधून साधारण ५० किलोहर्ट्झ वारंवारतेचा, ८०० मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या आतला प्रवाह सोडला जातो. तो रुग्णाला जाणवत नाही. शरीरातील क्षारयुक्त पाणी या प्रवाहाला जो अडथळा करते तो रेझिस्टन्स. पेशीभोवतीचे स्निग्ध पटल दोन्ही बाजूंच्या खारट द्रवांना वेगळे ठेवते, त्यामुळे ते इवल्याशा कपॅसिटरसारखे वागते आणि व्होल्टेजला प्रवाहाच्या किंचित मागे पाडते. त्यामुळे येणारा अडथळ्याचा भाग म्हणजे रिअ‍ॅक्टन्स. हे मागे पडणे अंशांत सांगितले की फेज अँगल मिळतो. पटले शाबूत आणि पेशी भरपूर असतील तर कोन मोठा येतो. पेशी घटल्या, पटले दुबळी झाली किंवा पेशींबाहेरचे पाणी वाढले तर तो लहान होतो.

आता एक हिशेब करून पाहावा, कारण पुढचा प्रत्येक टप्पा त्यावर उभा आहे. रेझिस्टन्स ५०० ओहम आणि रिअ‍ॅक्टन्स ५० ओहम असेल तर कोन ५.७१ अंश येतो. रेझिस्टन्स मोजताना १० ओहमची चूक होऊन तो ५१० झाला, तरी कोन ५.६० अंशांवर राहतो. रिअ‍ॅक्टन्समध्ये मात्र केवळ ५ ओहमची चूक होऊन तो ४५ झाला, तर कोन एकदम ५.१४ अंशांवर उतरतो. म्हणजे सगळा नाजूकपणा त्या लहान आकड्यात आहे, आणि सैल पट्टी, लोंबणारी तार, लोखंडी खाट हे सगळे नेमके त्याच आकड्याला बिघडवतात.

## १. कोणाचे मोजू नये आणि कोणाचे वेगळ्या रीतीने मोजावे

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर (हृदयाची लय बिघडल्यास झटका देणारे यंत्र) असलेल्या व्यक्तीचे मापन त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाच्या स्पष्ट परवानगीशिवाय करू नये. हा प्रश्न अर्जावर छापलेला असला तरी तोंडी विचारावा, कारण अर्ज पुष्कळदा मुलगा किंवा सून भरते. गरोदर स्त्रियांचेही मापन एरवीच्या कामात टाळावे. त्यांच्या शरीरातील पाण्याचे प्रमाण इतके बदललेले असते की नेहमीचे संदर्भ आकडे त्यांना लागूच पडत नाहीत.

मापन उजव्या बाजूने करण्याची रूढ पद्धत आहे. उजव्या हाताला डायलिसिससाठी फिस्टुला (रक्तवाहिन्यांचा जोड) केलेला असेल, उजव्या बाजूला पक्षाघात असेल, उजव्या मांडीत किंवा खुब्यात धातूची पट्टी बसवलेली असेल, तर डावी बाजू घ्यावी आणि तसे ठळक लिहावे. पुढच्या वेळी दुसरा तंत्रज्ञ आला आणि त्याने सवयीने उजवी बाजू घेतली, तर दोन आकड्यांची तुलनाच राहत नाही.

इशारा: हाताला सलाइन चालू असताना मापन करू नये. ते थांबवणे शक्य नसेल तर दुसरी बाजू घ्यावी आणि किती सलाइन गेले होते ते नोंदवावे.

## २. यंत्राची रोजची पडताळणी

बहुतेक यंत्रांसोबत ज्ञात मूल्याचा चाचणी-रोध (रेझिस्टर) येतो. तो पेटीतच पडून राहतो, असा अनुभव आहे. दिवसातील पहिल्या रुग्णाआधी, रुग्णासाठी वापरायच्या त्याच तारा जोडून तो मोजावा. रेझिस्टन्स उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निव्वळ रोध जोडला असेल तेव्हा रिअ‍ॅक्टन्स शून्याच्या अगदी जवळ यायला हवा. तो तीन-चार ओहम दिसला तर तारा, चिमटे किंवा जोडणी यांत दोष आहे, आणि तो दोष त्या दिवशीच्या प्रत्येक रुग्णाच्या कोनात शिरणार आहे.

चिमट्यांच्या दातांवर हिरवट थर चढलेला नाही ना, तेही पाहावे. आपल्या किनारपट्टीच्या हवेत तो फार लवकर चढतो. पावसाळ्यात मी आठवड्यातून एकदा चिमटे स्पिरिटने पुसून घेतो.

## ३. आदल्या दिवसापासूनच्या सूचना

सूचना तोंडी देऊन भागत नाही. कागदावर द्याव्यात, आणि आपल्याकडच्या दिनक्रमाच्या शब्दांत द्याव्यात. “चार तास उपाशी या” असे सांगितले की रुग्ण जेवण टाळतो, पण सकाळी पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) पाव आणि चहा, आणि दहाच्या सुमाराची पेज यांना तो जेवण समजत नाही. म्हणून कागदावर स्पष्ट लिहावे: मापनाआधी चार तास चहा, पाव, पेज, शहाळे, काहीही नको, शक्य असेल तर रात्रीच्या जेवणानंतर थेट सकाळी यावे. मधुमेहाच्या रुग्णांसाठी ही वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

आदल्या दिवशी दारू नको. इथे फेणीचा वेगळा उल्लेख करावा, कारण सर्दीवर घेतलेला घोट बऱ्याच जणांच्या हिशेबात दारू नसतो. मापनाआधी बारा तास अंगमेहनतीचे काम, फुटबॉल, जिम किंवा शिगम्याची (गोव्यातल्या होळीच्या सणाची) तालीम नको. व्यायामानंतर कातडीकडे रक्त वाढते, घामाने पाणी जाते, आणि या दोन्हींचा परिणाम आकड्यांवर होतो. मापनाच्या लगेच आधी लघवीला जाऊन यावे.

अंगाला खोबरेल लावून येऊ नये, ही सूचना तर मोठ्या अक्षरांत असावी. वयस्क स्त्रिया आणि नुकतेच आजारातून उठलेले लोक हातापायांना हमखास तेल चोळून येतात, आणि तेलकट कातडीवर पट्टी चिकटल्यासारखी दिसते पण संपर्क नीट होत नाही.

पडताळणी: रुग्ण आल्यावर “शेवटचे काय खाल्ले-प्यायले आणि किती वाजता” हा एकच प्रश्न विचारावा. “उपाशी आहात ना?” असे विचारले तर उत्तर नेहमी होकारार्थीच येते.

## ४. उंची आणि वजन

फेज अँगलला उंची लागत नाही आणि वजनही लागत नाही. खाटेवरून उठू न शकणाऱ्या रुग्णाचेही हे मापन करता येते ते याचमुळे. तरीही उंची अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत आणि वजन शंभर ग्रॅमपर्यंत मोजून लिहावे, कारण नवव्या टप्प्यात उंचीची गरज पडते. आधार कार्डाच्या वयावरून वय घ्यावे, पण उंची मात्र कधीही रुग्णाच्या सांगण्यावरून घेऊ नये.

## ५. खोली, खाट आणि झोपण्याची रीत

मे महिन्यात गोव्यातल्या वाळपईहून स्कूटरने आलेला माणूस थेट खाटेवर घेतला तर त्याची कातडी तापलेली आणि ओलसर असते. तापलेल्या कातडीने रेझिस्टन्स कमी येतो. उलट, एसीच्या झोताखाली अर्धा तास बसवलेल्या माणसाचे हातपाय गार पडून रेझिस्टन्स वाढतो. खोली साधारण २४ ते २६ अंशांवर स्थिर ठेवावी, रुग्णाला आत आल्यावर घाम सुकेपर्यंत बसू द्यावे आणि एसीचा झोत खाटेवर येऊ देऊ नये.

खाट लाकडी असेल तर उत्तम. लोखंडी असेल तर जाड, कोरडी गादी हवी आणि रुग्णाचा हात, पाय किंवा यंत्राची तार कठड्याला टेकता कामा नये. पावसाळ्यात गादी आणि चादरी दमट राहतात. मांड्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये दमट चादर घालून काही उपयोग होत नाही.

रुग्णाला उताणे झोपवावे, डोक्याखाली पातळ उशी चालते. हात धडापासून सुमारे ३० अंश दूर आणि पाय एकमेकांपासून सुमारे ४५ अंश फाकलेले असावेत. स्थूल व्यक्तींच्या मांड्या एवढ्या अंतरावरही एकमेकींना टेकतात. तेव्हा त्यांच्यामध्ये कोरडा सुती टॉवेल ठेवावा. मांडीला मांडी किंवा दंडाला कूस टेकली की प्रवाहाला आखूड वाट मिळते आणि रेझिस्टन्स खोटा कमी येतो. बोलता बोलता रुग्ण हात पोटावर घेतात. “हात आंगाक लावूं नाकात” (हात अंगाला लावू नका) हे कोकणी वाक्य दिवसातून वीस वेळा म्हणायची तयारी ठेवावी.

झोपवल्यावर लगेच मापन करू नये. उभ्या स्थितीत पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर हळूहळू वर सरकते आणि त्याबरोबर आकडे बदलत राहतात. पाच ते दहा मिनिटे थांबावे; मी दहाच धरतो. महत्त्वाचे हे, की आपण जी वेळ ठरवू ती प्रत्येक रुग्णासाठी आणि प्रत्येक भेटीत तीच ठेवावी, घड्याळ लावून.

## ६. कातडी आणि पट्ट्या

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. शरीराच्या एकूण रेझिस्टन्सपैकी धडाचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा असतो, जरी शरीराचे जवळजवळ अर्धे वजन धडात असले तरी. बाकी सगळा अडथळा हातापायांत, आणि त्यातही बारीक भागांत, म्हणजे मनगट आणि घोटा यांच्या आसपास, असतो. त्यामुळे मनगटावरची पट्टी एका सेंटिमीटरने सरकली तरी एकूण रेझिस्टन्समध्ये सुमारे दोन टक्क्यांचा फरक पडू शकतो. “जवळपास तिथेच लावली” हे या कामात चालत नाही.

उजव्या हाताचे मधले बोट धरून त्याच्या मुळाचे हाड, म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारा उंचवटा, शोधावा. प्रवाह सोडणारी पट्टी त्या उंचवट्याच्या लगेच मागे, हाताच्या पाठीवर लावावी. मनगटावर करंगळीच्या बाजूला हाडाचा गोल उंचवटा हाताला लागतो; त्याच्या मध्यातून मनगटावर आडवी रेघ कल्पावी आणि मोजणारी पट्टी त्या रेघेवर, मनगटाच्या मधोमध लावावी. पायावर प्रवाहाची पट्टी मधल्या बोटांच्या मुळामागे, आणि मोजणारी पट्टी आतल्या व बाहेरच्या घोट्यांना जोडणाऱ्या रेघेवर, समोरच्या बाजूस मध्यावर लावावी. नवशिक्यांनी सुरुवातीचे काही महिने पेनाने बारीक खूण करूनच पट्टी लावावी. त्यात कमीपणा काही नाही.

दोन पट्ट्यांमध्ये किमान पाच सेंटिमीटर अंतर हवे. लहान मुलांच्या किंवा हडकुळ्या हाताच्या व्यक्तींच्या बाबतीत ते जमत नाही. तेव्हा मोजणारी पट्टी धडाच्या दिशेने सरकवावी आणि किती सरकवली ते सेंटिमीटरमध्ये लिहावे. प्रवाहाची पट्टी बोटांच्या दिशेने ढकलू नये.

पट्टी लावण्यापूर्वी जागा स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्यावी. पट्ट्यांच्या मधली जागाही पुसावी, कारण तिथला सुकलेला घाम म्हणजे मिठाचा थर असतो आणि घाम पुन्हा सुटला की तो एका पट्टीकडून दुसऱ्या पट्टीकडे चोरवाट तयार करतो. दाट केस असतील तर कापावेत. जखम, पुरळ किंवा गोंदण सुजलेले असेल तिथे पट्टी लावू नये.

दागिन्यांचा प्रश्न समजुतीने सोडवावा. उजव्या हाताचा चुडा उतरवायला अनेक स्त्रिया तयार नसतात आणि त्यासाठी आग्रह धरणे बरोबरही नाही. काचेच्या बांगड्या पट्टीला टेकणार नाहीत अशा वर सरकवून चिकटपट्टीने धराव्यात. धातूची बांगडी किंवा पैंजण मात्र मापनाच्या बाजूला नसावे. निघतच नसेल तर डावी बाजू घ्यावी.

इशारा: ईसीजीच्या गोल पट्ट्या स्वस्त मिळतात म्हणून वापरल्या जातात. या मापनासाठी पट्टीचे क्षेत्रफळ निदान चार चौरस सेंटिमीटर हवे आणि तिचा स्वतःचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) कमी हवा. वेगवेगळ्या बनावटीच्या पट्ट्यांनी त्याच माणसाचा रिअ‍ॅक्टन्स वेगळा येतो. ज्या बनावटीने सुरुवात केली तीच कायम ठेवावी, एकदा काढलेली पट्टी पुन्हा लावू नये, आणि पाकीट फोडल्याची तारीख त्यावर लिहून ते घट्ट बंद करावे.

## ७. तारांची जोडणी

रंगांप्रमाणे चिमटे कुठे लावायचे ते यंत्राच्या पुस्तिकेत असते. ते चित्र खाटेजवळ भिंतीवर चिकटवावे. तारा एकमेकींत पिळलेल्या, रुग्णाच्या अंगावरून गेलेल्या किंवा जमिनीवर लोळणाऱ्या नसाव्यात. चार्जिंगला लावलेला मोबाइल खाटेवर नसावा, आणि मापन चालू असताना कोणीही रुग्णाला हात लावू नये. सोबत आलेली आई मुलाचा हात धरून बसते, तिला आधीच सांगून ठेवावे.

## ८. वाचन घेणे

एक मिनिटाच्या अंतराने तीन वाचने घ्यावीत. तिन्हींत रेझिस्टन्सचा फरक एक टक्क्याच्या आत आणि रिअ‍ॅक्टन्सचा फरक एक-दोन ओहमच्या आत असावा, असा माझा कामचलाऊ नियम आहे. फरक जास्त असेल तर सरासरी काढून मोकळे होऊ नये. पट्ट्या दाबून पाहाव्यात, हातपायांची स्थिती पाहावी आणि पुन्हा घ्यावे. रिअ‍ॅक्टन्स प्रत्येक वाचनात एकाच दिशेने सरकत असेल तर बहुधा एखादी पट्टी सुटत आहे.

नोंदीत केवळ कोन लिहिणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. रेझिस्टन्स, रिअ‍ॅक्टन्स, वारंवारता, बाजू, वेळ, किती मिनिटे झोपवले, खोलीचे तापमान आणि यंत्राचे मॉडेल हे सगळे लिहावे. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीचा दिवसही लिहावा. यंत्र केवळ चरबी आणि “शरीराचे वय” दाखवत असेल आणि मूळ दोन आकडे देत नसेल, तर ते या कामासाठी घेऊ नये.

पडताळणी: यंत्राने दाखवलेला कोन एकदा स्वतः काढून पाहावा. कॅल्क्युलेटरवर रिअ‍ॅक्टन्सला रेझिस्टन्सने भागावे आणि उलट्या टॅनचे (tan⁻¹) बटण दाबावे. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवलेला हवा, नाहीतर उत्तर रेडियनमध्ये येते आणि त्याला ५७.३ ने गुणावे लागते. दोन कोन जुळले नाहीत तर आकडे उतरवताना चूक झाली आहे.

## ९. आकड्याचा अर्थ लावणे

निरोगी प्रौढांचा कोन बहुधा पाच ते सात अंशांच्या आसपास येतो. पुरुषांचा स्त्रियांपेक्षा थोडा जास्त असतो आणि उतारवयात तो घटत जातो. म्हणून ७५ वर्षांच्या आजीचा ४.८ आणि २५ वर्षांच्या मच्छीमाराचा ४.८ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुलनेसाठी वापरायचा तक्ता त्याच लिंगाचा, वयोगटाचा आणि त्याच प्रकारच्या यंत्राचा असावा. जिममधल्या उभे राहून, हातात दांडे धरून मोजणाऱ्या यंत्राचा कोन झोपवून घेतलेल्या कोनाशेजारी मांडू नये. प्रवाहाची वाट वेगळी आणि शरीराची स्थितीही वेगळी असते.

एकटा कोन फसवू शकतो. एकाचा रेझिस्टन्स ४०० आणि रिअ‍ॅक्टन्स ४० आहे, दुसऱ्याचा ६०० आणि ६० आहे. दोघांचाही कोन ५.७१ अंशच येतो. पण पहिला पायांना सूज असलेला धट्टाकट्टा माणूस असू शकतो आणि दुसरा किडकिडीत आणि पाणी कमी पडलेला. हे वेगळे काढण्यासाठी दोन्ही आकड्यांना मीटरमधील उंचीने भागून ते आलेखावर मांडतात: आडव्या अक्षावर रेझिस्टन्स, उभ्या अक्षावर रिअ‍ॅक्टन्स. बिंदू मूळबिंदूपासून लांब गेला तर शरीरात पाणी कमी, जवळ आला तर जास्त. डावीकडे वर सरकला तर पेशीवस्तुमान अधिक, उजवीकडे खाली सरकला तर कमी. जुलाबाने सुकलेल्या रुग्णाचा कोन कधी कधी चांगला दिसतो, आणि आलेख पाहिल्याशिवाय पाणी कमी पडल्याचे कळत नाही.

इशारा: धडाचा वाटा कमी असल्यामुळे पोटात पाणी झालेल्या रुग्णाचे ते पाणी या मापनात फारसे दिसत नाही. आकडा बरा आला म्हणून पोट तपासणे सोडू नये. कोन कमी आला याचा अर्थ अमुक आजार आहे असाही होत नाही. तो डॉक्टरांना आणखी तपासणीची दिशा देतो, निदान देत नाही.

## १०. पुन्हा मोजताना

पुढची भेट त्याच वेळी, त्याच बाजूने, त्याच बनावटीच्या पट्ट्यांनी घ्यावी. डायलिसिसच्या रुग्णाचे मापन एकदा डायलिसिसआधी आणि एकदा नंतर घेऊन त्यांची तुलना करण्याची चूक सर्रास होते. डायलिसिसनंतर मोजायचे ठरवले असेल तर निदान अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग दर वेळी तसेच करावे.

दोन भेटींतला फरक खरा आहे की आपल्या हाताचा, हे ठरवण्यासाठी प्रत्येक तंत्रज्ञाने वर्षातून एकदा एक कंटाळवाणे काम करावे. सहकाऱ्यांपैकी दहा जणांना झोपवून मोजावे, पट्ट्या काढाव्यात, खुणा पुसाव्यात, नव्या पट्ट्या लावून लगेच पुन्हा मोजावे आणि दहाही जणांच्या दोन कोनांतला फरक मांडावा. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा तीन जणांत पाव अंशाहून जास्त फरक निघाला, आणि तिघांच्याही घोट्यावरची पट्टी मी वर लावत होतो. ज्याच्या हाताचा फरक ०.२ अंश निघतो, त्याने ५.२ वरून ५.३ झालेला कोन रुग्णाला सुधारणा म्हणून सांगू नये. रकान्यात आकडा लिहावा, शेजारी “बदल नाही” असे लिहावे आणि पुढची तारीख द्यावी.